क्षेत्रमापन, अनियमित आकृतींचे

ज्या आकृतीची सीमा सरळ रेषा, वर्तुळकंस यांसारख्या साध्या भौमितिक रेषांनी बनलेली नसते, तिचे क्षेत्रफळ एकाच सूत्राने काढता येत नाही. ती ज्ञात आकृत्यांत विभागणे, तिच्या सीमेवरून उपकरण फिरविणे किंवा तिच्यावर चौरसांची जाळी ठेवून चौरस मोजणे, हे तीन मार्ग त्यासाठी रूढ आहेत. शेतजमीन, तलाव, गावठाण इत्यादींचे क्षेत्रमापन आता पुष्कळदा अंकीय प्रतिमांवरून होत असले, तरी त्यामागील तत्त्वे ह्या जुन्या मार्गांचीच आहेत.

इतिहास : ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) ह्या ग्रंथात चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र दिले. ते चक्रीय चौकोनासच अचूक लागू पडते. चारही बाजू तेवढ्याच राहूनही कर्ण बदलल्यास क्षेत्रफळ बदलते, हे भास्कराचार्य (दुसरे) यांनी लीलावतीत (११५०) स्पष्ट केले. केवळ बांधांच्या लांबीवरून शेताचे क्षेत्र निश्चित होत नाही, याचे कारण हेच होय.

शिवकालात पाच हात व पाच मुठी लांबीची काठी मोजणीसाठी प्रमाण मानली जाई. वीस काठ्या लांब व तितकीच रुंद जमीन म्हणजे एक बिघा आणि १२० बिघे म्हणजे एक चावर होय. इंग्रजी अमदानीत प्रिंगल यांची दख्खनमधील पाहणी सदोष मोजणीमुळे फसली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. तीत ३३ फुटी साखळी वापरीत. ह्या साखळीच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर. पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–८३) हैदराबाद संस्थानाने मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी स्वीकारली. परभणी जिल्हा त्या वेळी ह्याच संस्थानात होता.

साखळीच्या मोजणीत शेतातून एक आधाररेषा आखून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंबांतरे घेत. ही मापे टिपणात नोंदवीत. त्यावरून शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पाडून त्यांची क्षेत्रफळे गुणाकार बुकात काढीत. भास्कराचार्यांनी आवश्यक ठरविलेले कर्ण व लंब अशा रीतीने प्रत्यक्ष जमिनीवरच मोजले जात. नकाशावरील वक्र आकृतींसाठी स्विस गणितज्ञ याकोप आम्सलर यांनी १८५४ मध्ये ध्रुवीय क्षेत्रमापक तयार केला. त्याची सुई सीमेवरून एकवार फिरविली असता चाकाच्या फेऱ्यांवरून क्षेत्रफळ मिळते.

अंकीय प्रतिमा : रसेल कर्श व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत छायाचित्राचे १७६ × १७६ चित्रबिंदूंत रूपांतर केले. अशा प्रतिमेत हव्या त्या आकृतीतील चित्रबिंदू मोजून त्यांच्या संख्येला एका चित्रबिंदूच्या जमिनीवरील क्षेत्रफळाने गुणतात. ही जाळीचीच पद्धत होय. दुसऱ्या पद्धतीत सीमेवरील बिंदूंचे सहनिर्देशक घेऊन क्षेत्रफळ काढतात. ह्या सूत्राचे वर्णन माइस्टर यांनी १७६९ मध्ये केले होते.

चित्रबिंदूचा आकार येथे निर्णायक ठरतो. १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए ह्या भारतीय उपग्रहाच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक चित्रबिंदू ७२·५ मी. बाजूचा, म्हणजे सु. ५२ गुंठ्यांचा होता. एक एकराचे शेत त्यात एका ठिपक्याहूनही लहान ठरे. २०१५ पासून कार्यरत झालेल्या सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रहांचा चित्रबिंदू काही वर्णपट्टांत १० मी. बाजूचा आहे. त्याचे क्षेत्रफळ १०० चौ. मी., म्हणजेच सात-बारावरील एक आर होय.

मानवत परिसरातील उपयोजन : परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव आहे. तालुक्याच्या दक्षिण भागातून गोदावरी वाहते. नदी व ओढ्यांकाठच्या जमिनींच्या सीमा वाकड्यातिकड्या असतात. एक एकराच्या चौरस शेतात १० मी. बाजूचे सु. ४० चित्रबिंदू मावतात. त्याची परिमिती सु. २५४ मी. असल्याने सु. २५ चित्रबिंदूंमधून सीमारेषा जाते. अशा मिश्र चित्रबिंदूत दोन शेतांचा किंवा शेत व पडीक जमिनीचा अंश एकत्र येतो. तो कोणाकडे धरावा यावर क्षेत्रफळ बदलते. शेताचा आकार वाकडा वा अरुंद असल्यास परिमिती वाढून ही चूकही वाढते. शेजारच्या दोन्ही शेतांत कापूसच असेल, तर मधला अरुंद बांध प्रतिमेत ओळखू येत नाही. मोठ्या प्रदेशातील पेऱ्याचा अंदाज घेताना अशा कमीअधिक चुका बऱ्याच अंशी परस्परांना छेदतात. एका खातेदाराच्या शेताबाबत तसे घडेलच असे नाही.

मर्यादा : २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारा चित्रण करतात. चित्रबिंदू अत्यंत लहान असूनही उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखाव्या लागतात. प्रतिमेवरून क्षेत्रफळ अचूक काढता येते. हद्द कोणती, हे मात्र प्रतिमा ठरवीत नाही. ते टिपण, अभिलेख व लगतच्या धारकांच्या समक्ष केलेली मोजणी यांवरूनच ठरते.