छायालेखन

छायालेखन म्हणजे दुसऱ्याच्या नावाने प्रसिद्ध व्हावयाचा मजकूर त्याच्या संमतीने लिहून देणे. असे लेखन करणाऱ्यास छायालेखक म्हणतात. आत्मचरित्रे, भाषणे व वृत्तपत्रीय स्तंभ यांत ही प्रथा विशेष आढळते. वाङ्मयचौर्यात मूळ लेखकाची संमती नसते, येथे ती असते. लेखनिकाचे कामही वेगळे: ज्ञानेश्वरी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा हे लेखनिक होते, कारण शब्द ज्ञानेश्वरांचेच होते.

==संज्ञा==
इंग्रजीतील ‘घोस्ट रायटर’ या संज्ञेचे ‘भूतलेखक’ हे शब्दशः भाषांतर मराठीत कानाला खटकते. ‘छायालेखक’ हा शब्द त्या मानाने सौम्य आहे, मात्र त्याने छायाचित्रणाचा भास होतो. ‘शब्दांकन’ ही संज्ञा अधिक रूढ असून तीत लिहिणाऱ्याचे नाव सहसा उघड केलेले असते.

==वाकाटककालीन उदाहरण==
फर्दापूरजवळील अजिंठा येथील १६ क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत पद्य शिलालेख आहे. त्यात राजवंशाची व दात्याची नावे आहेत, रचना करणाऱ्या कवीचे नाव नाही. हा लेख वराहदेवाने स्वतः रचल्याचा दावा त्यात नसल्यामुळे त्यास छायालेखन म्हणता येत नाही. कवीचे अनामिक राहणे तेवढे दिसते.

खरा वाद याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील राजा दुसरा प्रवरसेन (५ वे शतक) याच्या ‘सेतुबंध’ या महाराष्ट्री प्राकृत महाकाव्याबद्दल आहे. ७ व्या शतकातील बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त या काव्याचे श्रेय प्रवरसेनालाच दिले आहे. अकबराच्या काळातील टीकाकार रामदास मात्र सांगतो, की विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने ते प्रवरसेनासाठी रचले. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे परंपरेतील विक्रमादित्याची, कन्या होती. त्यामुळे ही कथा अगदीच निराधार वाटत नाही. काव्याच्या आरंभीच्या एका श्लिष्ट गाथेतून, नव्या राजाने हाती घेतलेल्या रचनेतील चुका पुढे सुधारल्या गेल्या, असाही अर्थ निघतो. त्या कोणी सुधारल्या हे तेथे सांगितलेले नाही. तथापि रामदासाची साक्ष सुमारे ११ शतकांनंतरची आहे. तिच्या आधारे राजाचे कर्तृत्व नाकारणे धाडसाचे ठरेल.

==आधुनिक मराठीत==
अभिनेत्री हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे आत्मकथन पत्रकार अरुण साधू यांनी त्यांच्याकडून ऐकून शब्दबद्ध केले. ते प्रथम ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाले. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट त्यावर आधारलेला आहे. पुस्तक प्रथमपुरुषी असून वाडकर यांच्याच नावाने ओळखले जाते. आयुष्य त्यांचे, सांगणेही त्यांचे. पण प्रसंगांची निवड व वाक्यांची घडण यांत साधूंचा वाटा किती, हे छापील पानांवरून वेगळे काढता येत नाही. स्त्रियांच्या आत्मकथनांचा अभ्यास करणाऱ्यांस ही अडचण टाळता येत नाही.

==कायदा==
भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार प्रताधिकार लेखी कराराने दुसऱ्यास देता येतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. परंतु कलम ५७ प्रमाणे प्रताधिकार दिल्यानंतरही आपण लेखक असल्याचे सांगण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. छायालेखनाच्या करारातील गुप्ततेची अट नेमकी याच हक्काच्या आड येते.