पाच डॉलरची भाजलेली कोंबडी

अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये सळईवर फिरवून भाजलेली अख्खी कोंबडी पुष्कळदा त्याच दुकानातल्या कच्च्या कोंबडीपेक्षा स्वस्त पडते. मसाला, वीज, मजुरी आणि वेष्टन एवढा खर्च चढूनही किंमत वाढायची ती उतरते. या स्वस्ताईतला शेवटचा थोडा भाग दुकानदार आपल्या गल्ल्यातून सोडतो. बाकीची स्वस्ताई पोल्ट्रीच्या शेडमध्ये घडली आणि ती घडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१९२०पर्यंत अमेरिकेत खास मांसासाठी कोंबडी पाळण्याचा वेगळा धंदा असा नव्हताच. कोंबड्या अंड्यांसाठी पाळल्या जात. अंडी द्यायची थांबलेली कोंबडी रश्शात जाई आणि वसंतात जन्मलेले जादा नर कोवळेपणीच विकले जात. त्यामुळे कोवळी कोंबडी ही हंगामी आणि महाग चीज होती. १९२३मध्ये डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील यांनी अंड्यांसाठी ५० पिल्ले मागवली. हॅचरीच्या चुकीने ५०० आली. ती परत न पाठवता त्यांनी वाढवली आणि दोन-दोन पौंडांची झाल्यावर पौंडाला ६२ सेंट भावाने विकली. आजच्या पैशात हा भाव पौंडाला दहा डॉलरच्या वर जातो. एवढा नफा पाहिल्यावर तीनच वर्षांत त्यांनी १०,००० पक्ष्यांची शेड उभी केली, आणि शेजारपाजारच्यांनीही तोच मार्ग धरला. त्याच सुमारास ड जीवनसत्त्वाचा शोध लागला होता. खाद्यात कॉड माशाचे तेल मिसळले की पिल्ले सूर्यप्रकाशावाचूनही धडधाकट राहतात, हे कळल्यावर कोंबडी बाराही महिने शेडमध्ये वाढवता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात गोमांस आणि डुकराच्या मांसावर रेशन आले, कोंबडीवर आले नाही. डेलावेअरकडचा माल सैन्याने उचलला, तेव्हा नागरी बाजारातली जागा जॉर्जियासारख्या दक्षिणी राज्यांनी घेतली. तिथे गेन्सव्हिलचे खाद्यविक्रेते जेसी ज्युएल यांनी धंद्याची वेगळी घडी आधीच बसवली होती. कापसावर नाडलेल्या शेतकऱ्यांना ते पिल्ले आणि खाद्य उधारीवर देत आणि वाढलेले पक्षी स्वतःच उचलत. पुढे हॅचरी, कत्तलखाना आणि खाद्याची गिरणीही त्यांनी आपल्याच हाती घेतली. मधले दलाल गळाले, तसा त्यांचा नफाही किमतीतून गळाला. आजची करारावरची कुक्कुटपालन पद्धत मोठ्या प्रमाणात याच घडीवर उभी आहे.

युद्ध संपल्यावर लोक पुन्हा गोमांसाकडे वळतील, ही धास्ती होती. ए अँड पी या किराणा साखळीने सरकारी खात्यांना सोबत घेऊन ‘उद्याची कोंबडी’ शोधण्याची स्पर्धा भरवली. भरघोस छातीचा आणि झपाट्याने वाढणारा पक्षी हवा होता. १९४८च्या अंतिम फेरीत देशभरच्या पैदासकारांची अंडी एकाच ठिकाणी उबवून पिल्ले सारख्याच खाद्यावर वाढवली गेली. पहिला आला कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर जातींचा संकर. हे आडनाव पुढे कॉब-व्हँट्रेस या पैदास कंपनीच्या नावात टिकले. पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने याच कॉबच्या वाणावर आपला ‘व्हेनकॉब’ उभा केला, त्यामुळे महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांनाही हा वंश परका नाही.

खरी किमया या पैदाशीत आहे. १९२५च्या सुमारास अडीच पौंडांचा पक्षी तयार व्हायला ११२ दिवस लागत आणि एक पौंड वजनामागे पावणेपाच पौंड खाद्य जाई. आता सुमारे ४७ दिवसांत सहा पौंडांच्या वर वजन भरते आणि पौंडामागे दोन पौंडसुद्धा खाद्य लागत नाही. पोल्ट्रीत सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असल्याने याहून मोठी बचत दुसरीकडे कुठे होणे कठीण होते. या वेगाची किंमत पक्षी आपल्या पायांनी मोजतो: वाढत्या छातीचा भार न पेलून लंगडणे हा या वाणांचा ठाऊक असलेला दोष आहे.

भाजलेल्या कोंबडीची लाट मात्र बरीच उशिरा आली. १९८५मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बोस्टन चिकन हे उपाहारगृह निघाले. १९९३मध्ये त्याचा शेअर बाजारात आला, तो पहिल्याच दिवशी दुपटीहून वर गेला. १९९८मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर सुपरमार्केटांनी भट्ट्या बसवल्या होत्या. उपाहारगृहाला कोंबडीवरच पोट भरायचे होते, सुपरमार्केटला तसे नव्हते. संध्याकाळी कामावरून परतणारे गिऱ्हाईक कोंबडीसाठी आत आले की दूध, पाव, भाजी घेऊनच बाहेर पडे.

हा हिशेब कॉस्टको या सभासदत्वावर चालणाऱ्या दुकानांच्या साखळीने टोकाला नेला. ही कोंबडी तिथे दुकानाच्या अगदी मागच्या बाजूला ठेवतात, म्हणजे सगळे दुकान ओलांडावे लागते. कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग सभासदांच्या वार्षिक वर्गणीतून येतो. २००८मध्ये किंमत थोडा काळ ५.९९ डॉलर झाली आणि २००९मध्ये परत ४.९९वर आली ती तिथेच राहिली; पुढची महागाई जमेस धरली तर ती आज सातच्या पुढे असायला हवी होती. या हट्टापायी वर्षाला तीन ते चार कोटी डॉलरवर पाणी सोडावे लागते, असे कंपनीच्या वित्तप्रमुखांनी २०१५मध्ये सांगितले होते.

पुढची अडचण पक्ष्याच्या आकाराची होती. १९६२मध्ये अमेरिकेत चार-पंचमांशाहून अधिक कोंबडी अख्खी विकली जाई. पुढे तुकडे आणि बिनहाडाचे मांस यांचा खप वाढला, तसे पोल्ट्रीवाले अधिकाधिक मोठे पक्षी वाढवू लागले आणि सळईला बेताचा असा पक्षी पुरेसा मिळेना. म्हणून कॉस्टकोने नेब्रास्काच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात स्वतःचा कारखाना काढायचे ठरवले. निकरसन गावाने २०१६मध्ये त्याला नकार दिला, शेजारच्या फ्रीमाँटने जागा दिली. २०१९मध्ये तो सुरू झाला; आठवड्याला वीस लाख पक्षी अशी त्याची क्षमता. हॅचरी, खाद्याची गिरणी आणि कत्तलखाना कंपनीच्या ताब्यात आहे, पक्षी वाढवतात करारबद्ध शेतकरी. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे. जमीन, शेड आणि शेडसाठी काढलेले कर्ज शेतकऱ्याचे.