ओठांकडे पाहणारा माणूस

माणसाच्या बोलण्यातला ९३ टक्के अर्थ देहात असतो, शब्दांत जेमतेम ७ टक्के. हाताची घडी घातली की मन बंद. नजर चुकवली की खोटे. ही तीन विधाने आता इतकी रुळली आहेत की ती कोणी केली आणि कशावरून केली, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. करी रोड स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये मुलाखतीच्या तयारीचा वर्ग भरतो. भाचीला सोबत म्हणून मी तिथे दोन तास बसलो आणि तिन्ही विधाने एकामागून एक पडद्यावर आली. समोर आसपासच्या चाळींतली वीस-बावीस मुले होती. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत त्यांना नोकरी हवी आहे. सगळ्यांनी ती विधाने वहीत उतरवून घेतली. त्या वह्यांसाठी हा लेख आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. शब्द माणूस तोलूनमापून वापरतो, देहावर त्याचा तेवढा ताबा नसतो. म्हणून मनातले खरे देहातून बाहेर पडते. देहाच्या या खुणा सगळ्या माणसांत सारख्या असतात. म्हणून त्यांची यादी करता येते, यादी पाठ करता येते आणि परक्या माणसालाही तिच्यावरून ओळखता येते. यातला पहिला भाग पुष्कळसा खरा आहे. फोनवर आपण नुसते ‘हं’ म्हटले तरी आई विचारते, ‘काय झालं रे?’ तिला कळते, यात शंका नाही. पण तिला कळते म्हणून यादी पाठ करणाऱ्यालाही कळेल, हे कुठून आले?

आकड्यापासून सुरुवात करू. अल्बर्ट मेहरेबियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत म्हणून ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवला आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, हे कशावरून ठरवाल? दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष जोडून शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५ असे सूत्र तयार झाले. शब्द, आवाज आणि चेहरा तिन्ही एकत्र मोजणारा प्रयोग त्यात नव्हताच. हे सूत्र आवड-नावड यांसारख्या भावनांपुरतेच आहे, प्रत्येक बोलण्याला लावू नका, असे मेहरेबियन यांनी स्वतः सांगितले आहे. शिवाय त्यांचे ५५ टक्के चेहऱ्याचे आहेत. आपल्याकडे त्यात हात, पाय आणि बसायची ढबही घालून टाकली.

सूत्र खरे मानायचे तर त्याचे परिणामही मान्य करावे लागतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. गेट मीटिंगला मागे उभ्या असलेल्या ज्याला पुढाऱ्याचा हात आणि चेहरा दिसला, आवाजाचा चढउतार कानावर आला, पण शब्द कळले नाहीत, त्याला ९३ टक्के सभा समजली असे म्हणायचे का? तो शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारणार, ‘काय म्हणाले?’ संप चालू की मागे, मागणी पगाराची की बदली कामगारांना कायम करण्याची, हे सगळे त्या सात टक्क्यांतच होते.

आता हाताच्या घडीकडे येतो. २०१७ साली एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्यानंतर लष्कराने जे पादचारी पूल बांधून दिले त्यांतला एक करी रोडचा. तो असूनही संध्याकाळची गर्दी गर्दीच असते. या गर्दीत बाई जिना उतरते तेव्हा तिचे दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले असतात. पर्स जपायची असते, अंग जपायचे असते. तिचे मन बंद आहे की उघडे, याचा त्या घडीशी काही संबंध नाही. हीच बाई पाच मिनिटांनी डब्यात चढते, तिघींच्या बाकाशी उभी राहते आणि पंजा आडवा धरून किंचित हलवते. तिघी सरकतात, चौथी सीट होते. मग तिच्याकडे बघून दुसरी कोणी नुसती हनुवटी उचलते. हिला कळते, ‘कुठे उतरणार?’ असा प्रश्न आहे. ही बोट पुढे करते, म्हणजे अजून लांब. एक शब्द न उच्चारता जागेचा सगळा व्यवहार पुरा होतो. तो होतो, कारण त्या सगळ्याजणी रोज त्याच गाडीला असतात. हाच पंजा, हीच हनुवटी दुसऱ्या गावच्या माणसासमोर करून बघा. कदाचित भांडण होईल.

देहबोली हा शब्द आपण फार विचारपूर्वक घडवला आहे. तिला बोली म्हटले, आणि बोली बारा कोसांवर बदलते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मग देहाच्या बोलीचा तेवढा एकच जागतिक शब्दकोश कसा निघेल?

भरतमुनींचा दाखला देऊन काही जण म्हणतात की असा कोश आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच झाला. नाट्यशास्त्रात मस्तकाच्या १३ हालचाली आहेत, दृष्टीचे ३६ प्रकार आहेत, एका हाताच्या २४ मुद्रा आहेत, हे खरे. पण त्याच ग्रंथात प्रत्येक मुद्रेचे विनियोग पाहावेत. सगळी बोटे सरळ ठेवलेला पताक हस्त. तो प्रहारासाठी आहे, पुढे लोटण्यासाठी आहे, हर्षासाठी आहे, गर्वाने ‘मी’ म्हणण्यासाठी आहे. दोन्ही हात आले की तोच पाऊस होतो, फुलांचा वर्षाव होतो. एक हात आणि इतके अर्थ. कोणता घ्यायचा ते प्रसंग ठरवतो. शिवाय हा संकेत रंगमंचाचा, नट आणि प्रेक्षक दोघांनी आधीच मान्य केलेला. त्याला भरत नाट्यधर्मी म्हणतात आणि लोकधर्मी त्याहून वेगळा ठेवतात. शास्त्रात जे सांगायचे राहिले ते लोकांकडून घ्या, असेही ते बजावतात. म्हणजे कोशकारानेच कोशाची मर्यादा घालून दिली आहे.

निदान चेहऱ्यावरचे मूळ भाव तरी जगभर सारखे, असे पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत जाऊन मांडले. ते काम मोलाचे आहे. पण २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या पुराव्याचा आढावा घेतला आणि म्हटले की रागावलेला माणूस दर वेळी कपाळाला आठ्या घालत नाही, आणि आठ्या घातलेला दर वेळी रागावलेला नसतो. पुष्कळदा तो नुसता विचार करत असतो.

तिसरे विधान सर्वांत घातक आहे, कारण त्यावर माणसांचे बरे-वाईट ठरते. खोटे बोलणारा कसा ओळखाल, असे ५८ देशांतल्या लोकांना विचारले तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा ‘नजर चुकवतो’ हेच उत्तर आले. समजूत जगभर आहे, याला पुरावा भरपूर. समजुतीला मात्र पुरावा नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी २००६ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र केले. चोवीस हजारांहून जास्त माणसांनी खरे-खोटे ओळखायचा प्रयत्न केला होता. बरोबर उत्तरे सरासरी ५४ टक्के. नाणे उडवले असते तर ५० टक्के आलीच असती. आपल्या पोरांना तर लहानपणापासून बजावलेले असते की मोठ्यांसमोर मान वर करून बोलू नये. माझी भाची खाली बघून बोलते तो तिच्या आजीने लावलेला आदर आहे. टॉवरातल्या काचेच्या खोलीत तोच आदर लबाडी ठरतो, आणि ती घरी येऊन विचारते, ‘मामा, माझं काय चुकलं?’

देहाच्या खुणा अशा चकवतात हे मला मागूनच दिसले असते, पण माझ्या वडिलांनी ते आधी दाखवून ठेवले होते. अण्णा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते. एका शेडमध्ये शेकडो साचे धडधडत असत आणि शेजारच्याच्या कानाशी ओरडले तरी ऐकू जात नसे. तिथली माणसे हातांनी आणि ओठांनी बोलत. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत विणकरांच्या अशा बोलण्याला ‘मी-मॉइंग’ असे नावच पडले होते. आमच्याकडे कोणी नाव दिले नाही. खाते सुटले तरी सवय राहिली, आणि कान गेलेले होते ते गेलेच. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, तीत आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. अण्णांचा कोणी कळवला नाही. घरातही ते मोठ्याने बोलत आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत. आई भाकरी थापताना पाठमोरी काही बोलली की ते उठून चुलीच्या बाजूला जाऊन उभे राहत, ओठ दिसावेत म्हणून.

दहा-बारा वर्षांपूर्वी गिरणी कामगारांच्या घरासाठी कागद जुळवायचे होते, म्हणून मी त्यांना एका कचेरीत घेऊन गेलो. टेबलामागचा माणूस फाईलमध्ये डोके घालून प्रश्न विचारत होता. अण्णा वाकून त्याचे तोंड शोधत होते आणि उशिरा, मोठ्या आवाजात, कधी भलतेच उत्तर देत होते. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘आवाज कशाला चढवतायत? आणि डोळ्याला डोळा देत नाहीत. कागद खरे आहेत ना?’ अण्णांच्या कपाळावर घाम होता.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुष्ट साक्षीदार आणि खोटा वादी ओळखायची लक्षणे आहेत. तो एका जागी थांबत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उडतो, बोलताना अडखळतो, विचारलेल्याला नीट उत्तर देत नाही. आज फलाटावर विकत मिळणाऱ्या पुस्तकातली यादी याहून फार वेगळी नाही. पण या ठिकाणी टीकाकार विज्ञानेश्वर थांबतात. बाराव्या शतकाच्या सुमारास, चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, त्यांनी मिताक्षरा लिहिली. ते म्हणतात की या लक्षणांवरून दोषाचा संभव तेवढा कळतो, निश्चय होत नाही. कारण माणसातला कोणता विकार मुळातला आणि कोणता त्या प्रसंगाने आलेला, याचा निवाडा करणे फार अवघड. नऊशे वर्षांपूर्वीच्या या एका खुलाशात २००६चा तो ५४चा आकडा सामावतो. आपल्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही कलम २८० न्यायाधीशाला साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा नोंदवायला सांगत होते. शेरा, निकाल नव्हे.

मग देह वाचायचाच नाही का? वाचायचा. पण कसा, ते कौटिल्याकडून शिकावे. अर्थशास्त्रात मसलतीच्या प्रकरणात तो इंगिताची व्याख्या एका शब्दात करतो: अन्यथावृत्ती. नेहमीपेक्षा निराळे वागणे. म्हणजे नेहमीचे वागणे माहीत असल्याशिवाय इंगित नावाची वस्तूच संभवत नाही. आई फोनवरच्या ‘हं’वरून ओळखते ती याच वाटेने; रोजचा ‘हं’ तिच्या कानात असतो. मोठ्याने बोलणारे अण्णा एखाद्या संध्याकाळी हळू बोलले तर आम्ही सगळे दचकत असू. कचेरीतल्या माणसाला त्यांचा मोठा आवाज खटकला, आणि त्यांच्यापुरता तोच तर स्वाभाविक होता. परक्या माणसाच्या बाबतीत आपल्याजवळ हा ‘नेहमी’ नसतो. तिथे खूण दिसली तर तिने फक्त प्रश्न सुचवावा, आणि तो प्रश्न तोंडाने विचारावा. वर्गातल्या मुलांना मी हेच सांगेन, आणि त्यांची मुलाखत घेणाऱ्यांना त्याहून कळकळीने सांगेन.

त्या दिवशी मी टेबलामागच्या माणसाला म्हटले, ‘साहेब, त्यांना ऐकू येत नाही. साचेखात्यात होते. तुमचे ओठ दिसतील असं बोला.’ तो क्षणभर अण्णांकडे पाहत राहिला. मग त्याने फाईल मिटली, खुर्ची खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि एकेक शब्द सुटा करत विचारले, ‘बाबा, गिरणीतला तिकीट नंबर?’

अण्णांनी लगेच सांगितला.