कुठं लिहिलंय, ते दाखव

आज आम्ही बोलणार आहोत एका अगदी बारीक गोष्टीबद्दल. पुस्तकाच्या पानावर, वर नाहीतर खाली, एक आकडा छापलेला असतो. शाळेत बाई म्हणायच्या, "पान बत्तीस काढा." तेवढाच त्या आकड्याचा नि आपला संबंध. तो आकडा आला कुठून आणि मोठमोठे अभ्यासक त्याला जिवापाड का जपतात, हे आज सांगायचं आहे. पण त्याआधी आमच्याच गटात घडलेली एक गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी अंतर्गत कर्जाचे २,००० रुपये बैठकीत फेडले. वहीत नोंद झाली, पण त्यांच्या पासबुकात "पुढच्या वेळी भरू" म्हणून राहून गेलं. चार महिन्यांनी हिशेब मांडला, तर नोंद सापडेना. मावशी म्हणाल्या, "मी तर दिले बाई, पान गळालं असेल." त्यावर आम्हीच म्हणालो, "कुठं लिहिलंय, ते दाखव." मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी शेळी विकली आणि पैसे दुसऱ्यांदा भरले.

पुढं नवी वही घालताना आम्ही जुनी वही पहिल्यापासून चाळली. तेव्हा दिसलं, की एका बैठकीचं लिखाणच वहीत नाही. आधीची बैठक आहे, नंतरची आहे, मधली गायब. त्या बैठकीला आम्ही सगळ्या बसलो होतो, चहाही प्यालो होतो. पान खरंच गेलं होतं. वहीच्या पानांवर आकडे असते, तर १८ नंतर एकदम २१ आलेलं त्याच दिवशी दिसलं असतं. आम्ही मावशींचे पैसे परत केले, हात जोडले. पण त्या गटात परत आल्या नाहीत. तेव्हापासून पानाचा आकडा म्हटलं, की आम्हाला मावशी आठवतात.

आता मागं जाऊ. आपल्याकडच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या तुम्ही देवळात किंवा एखाद्या जुन्या घरात पाहिल्या असतील. सुटी, आडवी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. पानं शिवलेली नसत. पोथी हातातून पडली, वारा आला, तर सगळं विस्कटायचं. म्हणून लिहिणारा प्रत्येक पानावर समासात आकडा टाकायचा. पानाला दोन बाजू असल्या, तरी आकडा एकाच बाजूला आणि तो सबंध पानाचा. त्याचं काम एवढंच, की पोथी पुन्हा नीट लागावी.

पण त्या आकड्यानं दुसऱ्या गावच्या माणसाला वाट दाखवता येत नव्हती. समजा, पैठणच्या कुणी पंढरपूरला निरोप धाडला, की "पोथीचं चाळिसावं पान बघा." पंढरपूरच्या पोथीत लिहिणाऱ्याचं अक्षर मोठं, कागद लहान. चाळिसाव्या पानावर भलतंच काही निघायचं. हातानं लिहिलेली प्रत्येक पोथी वेगळी, म्हणून तिची पानंही वेगळी.

मग आपली माणसं काय करायची? ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला प्रत्येकीच्या हातात वेगळी प्रत असते. कुणाची मोठ्या अक्षराची, कुणाची आजेसासूच्या काळातली. पण "नववा अध्याय, अमुक ओवी" म्हटलं, की सगळ्याजणी एकाच जागी पोचतात. कारण तो आकडा कागदाचा नाही, ओवीचा आहे. कागद बदलला तरी तो ओवीबरोबर चालतो. कायद्याचंही तसंच आहे. वकील पान सांगत नाही, कलम सांगतो. पुस्तक कुणीही छापो, कलम तेच राहतं.

आता युरोपात जाऊ, कारण पानाच्या आकड्याची पुढची गोष्ट तिथं घडली. पंधराव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत योहान गुटेनबर्ग यानं सुट्या खिळ्यांनी पुस्तकं छापायला सुरुवात केली. छपाईनं एक मोठा फरक पडला. एका छपाईतून निघालेल्या शेकडो प्रती सारख्या. एका प्रतीतलं चाळिसावं पान, तेच दुसऱ्या प्रतीतलंही. तरीही सुरुवातीच्या पुस्तकांवर आकडे नसायचे. बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून खाली बारीक अक्षरखुणा असायच्या, बस्स. १४७० साली जर्मनीतल्या कोलोन शहरात आर्नोल्ड थेर हूर्नेन नावाच्या मुद्रकानं एका छोट्या धार्मिक प्रवचनाच्या पुस्तकात पानांवर आकडे छापले. छापील पुस्तकातले हे अगदी आरंभीचे आकडे. पुढं १४९९ साली इटलीतल्या व्हेनिसमध्ये आल्दुस मानुशियस या मुद्रकानं लॅटिन भाषेवरचा एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात पानांना आकडे होते, ओळींनाही होते आणि सोबत शब्दांची सूची. शब्द सूचीत बघायचा, पान नि ओळ वाचायची आणि थेट तिथं जायचं.

आणि हे आकडे तरी कुणाचे? युरोपात पूर्वी रोमन आकडे चालत, लांबलचक. १, २, ३ आणि शून्य ही पद्धत भारतात घडली, अरब विद्वानांच्या हातून पश्चिमेला गेली. इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोनं १२०२ साली हिशेबाचं पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं या आकड्यांना भारतीयांचे आकडेच म्हटलं आहे. तेव्हा त्या कोपऱ्यातल्या आकड्यात आपल्या आज्या-पणज्यांच्या देशाचाही वाटा आहे.

एका बाप-लेकाची गोष्ट तर फारच छान आहे. रॉबेर एस्तिएन हा फ्रान्सचा मुद्रक. त्यानं १५५१ साली बायबलच्या नव्या करारातल्या वचनांना आकडे दिले. आज जगातल्या कुठल्याही भाषेतलं बायबल उघडा, वचनांना आकडे दिसतात. त्याचा मुलगा आंरी एस्तिएन. त्यानं १५७८ साली ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे ग्रंथ तीन खंडांत छापले. पानावर आकडा आणि पानाचे भाग दाखवायला कडेला अक्षरं. मैत्रिणींनो, ते पुस्तक छापून चारशेहून जास्त वर्षं झाली. पण आजही प्लेटोवर लिहिणारा अभ्यासक त्याच छपाईतली पानं सांगतो. प्लेटोनं एका गुहेची गोष्ट सांगितली आहे. माणसं जन्मापासून साखळदंडानं बांधलेली आहेत, भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग समजतात. ती गोष्ट ५१४ या आकड्यापाशी सुरू होते. भाषांतर इंग्रजी असो नाहीतर जपानी, चांगल्या आवृत्तीत कडेला ५१४ छापलेलं असतं. मूळ पुस्तक कुणाच्या घरी नाही, पण त्याचा पत्ता सगळ्यांच्या घरी आहे.

पत्ता म्हटलं, ते जाणूनबुजून. अभ्यासक जेव्हा लिहितो, की "हे मी अमक्या पुस्तकातून घेतलं", तेव्हा तो लेखकाचं नाव देतो, पुस्तकाचं नाव, कुठं छापलं, कुठल्या साली, कितवी आवृत्ती आणि पान. नुसतं पुस्तकाचं नाव देणं म्हणजे "पुण्यात राहतात" असं सांगणं. पानाचा आकडा म्हणजे घराचा नंबर. आणि आवृत्ती का सांगायची? कारण पुन्हा छापताना पानं सरकतात. तुकोबांच्या गाथेचंच बघा. वेगवेगळ्या गाथांमध्ये एकाच अभंगाचा क्रमांक वेगवेगळा असतो. म्हणून जाणता अभ्यासक अभंगाच्या क्रमांकाबरोबर गाथा कुठली, हेही लिहितो.

आपल्या महाराष्ट्रात या कामाला वाहिलेली माणसं होऊन गेली. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, जुन्या वाड्यांतून कागद गोळा केले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं खंडामागून खंड छापले. असे २२ खंड निघाले. त्यातल्या कागदांना क्रमांक दिले. आजही इतिहास लिहिणारे "राजवाडे, अमुक खंड, अमुक लेखांक" असं लिहितात. तो कागद कुणा एका घरच्या माळ्यावर पडून होता, तोवर त्या घरचे सांगतील तो इतिहास. त्याला क्रमांक मिळाला, तो छापला गेला, आता कुणीही उघडून ताडून बघावा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताच्या ठिकठिकाणच्या हस्तलिखितांची तुलना करून एक चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. त्यात कुठल्या पोथीत कुठला शब्द आहे, हे तळटिपांमध्ये दिलं आहे. संपादकांचं पटत नसेल, तर तळाशी बघा, तुमचं तुम्ही ठरवा.

इथं आमचं खरं म्हणणं येतं. पानाचा आकडा हा मोठेपणाचा दागिना नाही. तो देणारा माणूस आपल्याला सांगत असतो, "माझ्या शब्दावर जाऊ नका. जाऊन बघा." ज्याच्याकडे जमीन आहे, पद आहे, मोठा आवाज आहे, त्याचं म्हणणं तसंही ऐकलं जातं. पुरावा लागतो तो आपल्यासारख्यांना.

मुक्ता साळवे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. त्या काळात अशी मुलगी असं लिहील, यावर किती जणांनी विश्वास ठेवला असता? कुणी म्हणालं असतं, दंतकथा आहे. पण नियतकालिकाचं नाव आहे, तारखा आहेत. जा आणि बघा. त्या दोन तारखांनी तिचा आवाज पुसू दिला नाही.

या आकड्याचा दुरुपयोगही होतो, तेही सांगायला हवं. काही लोक मूळ पुस्तक न बघता दुसऱ्यानं दिलेला आकडाच उचलतात. पहिल्यानं ७१ चं १७ केलेलं असेल, तर पुढचे दहाजण १७ च लिहितात. वाचणारीला वाटतं, दहा साक्षीदार आहेत. असतो एकच, तोही चुकलेला. प्रामाणिक अभ्यासक लिहितो, की मूळ मी पाहिलं नाही, अमक्याच्या पुस्तकावरून सांगतो. आता मोबाइलवर पुस्तकं आली. त्यात अक्षर मोठं केलं, की पानं वाढतात, आकडे सरकतात. अशा वेळी प्रकरण, परिच्छेद, ओवी, कलम असा आतला पत्ता सांगावा लागतो. म्हणजे पोथीच्या काळातलं शहाणपण पुन्हा कामाला आलं.

तुम्ही म्हणाल, आपण कुठं संशोधन करतो? करतो की. ज्या बायका गटाचे हिशेब लिहितात, त्यांनी रोजकीर्दीत 'खा. पा.' असा रकाना पाहिला असेल. खातेपान. ही रक्कम खतावणीत कितव्या पानावर गेली, ते तिथं लिहायचं. अभ्यासक पुस्तकात करतो, तेच तुम्ही वहीत करता. तो रकाना मोकळा सोडू नका. ग्रामसभेत एखादा ठराव झाला, तर "मागं कधीतरी ठराव झाला होता" असं म्हणू नका. ठराव क्रमांक नि तारीख लिहून ठेवा. माहितीच्या अधिकारात नक्कल मागताना तेवढ्यावर काम सोपं होतं. कुणी म्हणालं, "असा कायदाच आहे", तर न रागावता विचारा, "कुठला कायदा? कितवं कलम?"

आणि एक काम आज रात्रीच करा. गटाची वही काढा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शाईनं आकडे टाका, पानाच्या दोन्ही बाजूंना. पहिल्या पानावर लिहा, "या वहीत १ ते इतकी पानं आहेत", खाली तारीख आणि अध्यक्ष, सचिव नि आणखी एका सभासदाची सही. जिला सही येत नाही, तिचा अंगठा घ्या, आणि काय लिहिलं आहे ते तिला मोठ्यानं वाचून दाखवा. पैसे घेतले, की पासबुक त्याच बैठकीत भरा, आणि वहीचं पान कितवं, तेही पासबुकात लिहा.

आमच्या वहीत आता हे सगळं आहे. त्या मावशी वाटेत भेटतात, बोलतात, पोराबाळांची चौकशी करतात. गटाचं मात्र आम्हीही काढत नाही, त्याही काढत नाहीत. नव्या वहीत त्यांच्यासाठी एक खातं उघडून ठेवलं आहे, पान १२. अजून कोरंच आहे.