तळटीप : हाडांचा फ्लोरोसिस

१. पिण्याच्या पाण्यातले जादा फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साचते. सांधे ताठरतात, कणा वाकतो. त्याआधीच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. भारतात हा आजार १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात नोंदला गेला. महाराष्ट्रात याची झळ मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडमधल्या बोअरवेलवर जगणाऱ्या गावांना बसली. वाकलेला कणा औषधाने सरळ होत नाही, म्हणून पाणी बदलणे हाच खरा इलाज. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा. दुसरा स्रोत नसेल तरच १.५. नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी-चुन्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. बोअरचे पाणी तपासूनच प्यावे.