चाळीस वर्षांची नोंद

बालाघाटच्या या मुलखात बसून युद्धनौकांचा इतिहास सांगावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु २०१६ साली ‘विक्रांत’ या जहाजाच्या पोलादाचा अंश घालून घडविलेली मोटारसायकल बाजारात आली आणि आमच्याकडच्या रस्त्यांवरही धावली. जहाजाचे पोलाद असे गावोगाव पोचले. अशा जहाजाच्या बॉयलरांभोवती आणि वाफेच्या नळांभोवती जे आवरण असते त्याचे काय होते, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. आज आम्हांस तेच विचारावयाचे आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हा मुळात दगडच. पण कापसासारखा पिंजता येणारा. तो जळत नाही, उष्णता अडवून धरतो आणि स्वस्त मिळतो. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेस याहून सोयीचा पदार्थ नव्हता. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही काही वर्षे ब्रिटिश गोद्यांतून तो सढळ हाताने वापरला गेला. दुरुस्तीसाठी हे आवरण फोडले की त्याची बारीक कुसळे हवेत तरंगतात. ती डोळ्यांस दिसत नाहीत आणि छातीत खोल शिरली की सहसा बाहेर पडत नाहीत. काहींचे फुप्फुस कडक होऊन धाप लागते. काहींस फुप्फुसाचा, तर काहींस त्याच्या बाहेरील पडद्याचा कर्करोग होतो. या दुसऱ्या कर्करोगास मेसोथेलिओमा म्हणतात. हे आजार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, उघड होतात. साऱ्या प्रकरणाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

धोका ठाऊक नव्हता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नव्हे. १९३० साली ब्रिटिश सरकारच्याच तपासनिसांनी अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या फुप्फुसरोगाचा अहवाल दिला आणि १९३१ साली नियम झाले. ते कारखान्यांपुरते राहिले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मेसोथेलिओमाचा संबंध याच धुळीशी जोडून दाखविला. त्याच दशकात इंग्लंडातील डेव्हनपोर्ट येथील नौदलाच्या गोदीत कामगारांच्या छात्या तपासल्या, तेव्हा तेथेही हा रोग आढळला.

याच काळात आपले नौदल उभे राहत होते. १९४८ साली ‘दिल्ली’ आली, १९५७ साली ‘म्हैसूर’, १९६१ साली ‘विक्रांत’ आणि १९८७ साली ‘विराट’. चारही जहाजे ब्रिटिश गोद्यांत बांधलेली आणि वाफेवर चालणारी. ‘विक्रांत’ तर १९४५ सालीच पाण्यात सोडलेली होती. ‘विराट’ हे ब्रिटनचे ‘हर्मिस’. १९५९ साली ते ब्रिटिश नौदलात दाखल झाले होते. एकाच बॉयलर-रूममध्ये आधी ब्रिटिश खलाशी घाम गाळीत होता, नंतर आपला.

त्या ब्रिटिश खलाशाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९४७ च्या कायद्याने सैनिकास सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावण्यास मनाई होती. ती १९८७ साली उठली, पण मागील काळास ती सवलत मिळाली नाही. गोदीतला नागरी कामगार दावा लावू शके. त्याच धुळीत उभा असलेला खलाशी नाही. निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी हा अन्याय वेशीवर टांगला. अखेर २०१६ पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकास एक लाख चाळीस हजार पौंडांची एकरकमी मदत घेण्याची सोय झाली. तोवर कित्येकांच्या चिता विझल्या होत्या.

आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने सशस्त्र दलांतील माणसांस आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. त्यांस आधार निवृत्तिवेतनाच्या नियमांचा. १९८२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर उद्भवलेला रोगही नोकरीमुळे झाला असे मानता येई. पण तो ठराविक वर्षांच्या आत उद्भवला पाहिजे, आणि ती मुदत वीस वर्षांहून पुष्कळच कमी. रोगास लागणार चाळीस वर्षे! २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. हा निकाल मोठ्या मोलाचा आहे. पण कोणत्या खलाशाने कोणती धूळ खाल्ली हे कागदावर नसेल, तर तो भांडणार कशाच्या बळावर?

उत्तर आपल्याच देशात सापडते. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांस बजावले, की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोवर जपून ठेवावी. रोगाची चाल ओळखून दिलेला हा आदेश होता. तो कारखान्यांस लागला. युद्धनौकेचा बॉयलर त्यात नव्हता.

जहाजतोडणीचेही तसेच. २००६ साली फ्रान्सचे ‘क्लेमान्सो’ हे जुने युद्धजहाज तोडणीसाठी गुजरातेतील अलंगकडे निघाले असता अ‍ॅस्बेस्टॉसवरून गहजब झाला आणि फ्रान्सने ते परत बोलाविले. ते इंग्लंडात तोडले गेले. आठ वर्षांनी, २०१४ साली, आपले ‘विक्रांत’ मुंबईत दारूखान्याच्या किनाऱ्यावर तोडावयास काढले. अशा कामावर उत्तरेतून नि पूर्वेतून आलेला रोजंदारीचा मजूर असतो. आज येथे, उद्या दुसरीकडे. चाळीस वर्षांनी त्यास धाप लागेल तेव्हा त्याचा हजेरीपट कोठे शोधावयाचा?

आम्ही कामगार चळवळीत वावरलेली माणसे एवढे शिकलो, की हक्क कायद्याने मिळतो, पण पदरात पडतो तो नोंदीने. म्हणून मागणी साधी आहे: जुन्या जहाजांवर राबलेला खलाशी, गोदीतला कारागीर आणि तोडणीचा मजूर, तिघांचीही चाळीस वर्षांची नोंद ठेवा, आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या छात्या तपासा.

तोवर आपल्या हाती असेल ते आपण करावे. नौदलातून परतलेला कोणी आपल्या गावी असेल, तर त्याने आपली जहाजे, वर्षे व कामाची जागा कागदावर लिहून ठेवावी, सेवापुस्तिका जपावी आणि दम लागू लागताच डॉक्टरांस हे सारे आपण होऊन सांगावे. नांदेडचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासाठीच आहे. आणि आपल्या डोक्यावरचा सिमेंटचा पत्रा फुटला, तर तो कापू वा घासू नये. त्यातही बहुधा हाच दगड असतो.