हाऊबागला उतरलेले नाना

ऑक्टोबर 1956 संपत आलाय. गोंदियाच्या फलाटावर तू उभी आहेस आणि समोर नाना आहेत, सव्वीस वर्षांचे, तुझ्याहून लहान. नात म्हणून ते तुला ओळखणार कसे? "ताई, तुमची पेटी वर ठेवून देऊ का?" असं अदबीनं विचारतात. आजी खिडकीशी बसली आहे. तिच्या पायाशी पाटा-वरवंटा, मांडीवर फराळाचा डबा. दिवाळी तोंडावर आली आहे आणि ती नव्या गावात, भाड्याच्या दोन खोल्यांत करायची आहे.

अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाते. सव्वादोनशे किलोमीटर, पण वेळ इतका खाते की तुला सगळं विचारता येतं. नाना सांगतात. 1 नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जातील, नागपूरची राजधानी जाईल, आणि 1936 पासून नागपुरात असलेलं हायकोर्ट जबलपूरला बसेल. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्लाही तिकडेच निघालेत. कारकुनांच्या याद्या लागल्या, तेव्हा नानांचं नाव मध्य प्रदेशात आलं आणि दुसऱ्या कचेरीतल्या धाकट्या भावाचं मुंबईत. एका चुलीवर जेवणारे दोघे सख्खे भाऊ दोन राज्यांचे नोकर झाले. नाना हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. त्यांना काळजी आहे ती कागदपत्रांच्या बस्त्यांची, वाटेत एखादी मिसल, म्हणजे खटल्याची फाइल, गहाळ झाली तर त्या पक्षकाराचं काय, याची.

बरगी मागे पडतं. नर्मदेचा पूल येतो आणि डबाभर "नर्मदे हर" होतं. आजी खिडकीतून पैसा टाकते. ग्वारीघाट, मग जबलपूरचं हाऊबाग स्टेशन. सामान उतरवायला तूही हात लाव. ही लाइन 2015 मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली. तुला या गाडीनं पुन्हा येता येणार नाही.

आता काही वर्षं ओलांडून ये. कोर्टाच्या दाखल खिडकीपाशी उभी राहा. इथं गोंधळ आहे, घामाचा आणि शाईचा वास आहे. बस्तरहून आलेला एक म्हातारा कागद पुढे करतो. जगदलपूर ते रायपूर बस, पुढं गाड्या बदलत दोन रात्री. कोर्ट फीचं तिकीट कमी पडलंय. "उद्या या" म्हणणं नानांना सहज शक्य होतं, नियमातही बसलं असतं. ते खुर्चीवरून उठतात, त्याला तिकीटवाल्यापर्यंत नेऊन आणतात, कागदावर शिक्का मारतात, नंबर चढवतात आणि तो नंबर एका चिठोऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देतात. "बाबा, ये सम्हाल के रखना." हिंदीचा सूर अजून नागपुरीच आहे. जनसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुतळे येतात. माझ्या डोळ्यांपुढं हे चिठोरं येतं.

1975 मध्ये तर नक्की थांब. आणीबाणी आहे, माणसं मिसा कायद्याखाली तुरुंगात आहेत. त्यांचे अर्ज याच इमारतीत येतात. शिवकांत शुक्ल यांचाही. सरकारचं म्हणणं असं की, राष्ट्रपतींच्या आदेशानं जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची मुभाच स्थगित झाली आहे, तेव्हा हे अर्ज ऐकूच नयेत. जबलपूरचं हायकोर्ट म्हणालं, ऐकू. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते उलटवलं. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच तो निकाल मोडीत काढला. पण खटला सरकारी बाजूच्या अधिकाऱ्याच्या, 'एडीएम जबलपूर' या नावानंच शिकवला जातो, आणि शहराचं नाव दार बंद करू पाहणाऱ्या बाजूला चिकटून राहिलं. हे मला फार लागतं. दार उघडं ठेवणारेही जबलपूरचेच होते. न्यायाधीशांपुढं अर्ज जायच्या आधी तो कुणीतरी हातात घेतला होता, तारीख घातली होती, नंबर दिला होता. त्या दिवसांत घरी येऊन नाना फारसं बोलत नसत, असं आजी सांगायची. सकाळी मात्र वेळेआधी निघायचे.

आणि मग 1 नोव्हेंबर 2000. तारीख तीच. छत्तीसगड वेगळं झालं, त्याचं हायकोर्ट बिलासपूरला. पुन्हा बस्ते बांधले जाणार, पुन्हा कुणाची तरी नावं यादीत लागणार. नाना सत्तरीचे, केव्हाच निवृत्त झालेले. राइट टाउनच्या घरात रेडिओवर बातमी ऐकताना तू त्यांच्या शेजारी बस. आता ते तुला नावानं हाक मारतात. "बरं झालं गं," म्हणतात, "बस्तरच्या माणसाची एक रात्र तरी वाचली." आणि लगेच चष्मा शोधू लागतात. खात्यातल्या एका पोराला पत्र लिहायचं आहे: मिसलींची यादी दोन प्रतींत कर, एक गाडीबरोबर पाठव, एक इथं ठेव.